अक्तोशच्या पोटातली प्लेट

बेगिमायच्या टाळूला बसवायची प्लेट घरच्या अक्तोश कुत्र्याने गिळली हे एर्मेकला कळलं, तेव्हा तो चहा पीत होता. त्याने चहा संपवला.

एर्मेकचं सगळं असंच. दोन वर्षांपूर्वी बायको नोवोसिबिर्स्कला केकचे खोके बांधायच्या कामावर गेली, तेव्हाही बस सुटेपर्यंत तो सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा होता. घरी आल्यावर काहीतरी वाटेल म्हणून तो थोडा वेळ बसून राहिला. काही वाटलं नाही. मग त्याने उठून अंगणातला बर्फ लोटला.

प्लेटचं मात्र त्याला वाटत होतं. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीचे, बेगिमायचे, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत. एर्मेकचेही तसेच होते. तो लहान असताना त्याची आई, बुरुल आपा, म्हणाली होती, सगळे दात येऊ देत, मग बघू. सगळे दात आले. मग बघितलं. तोवर तो एकोणीस वर्षांचा झाला होता, आणि सैन्यभरतीच्या डॉक्टरने सांगितलं की आता जबडा कापूनच मागे घ्यावा लागेल, बाकी बंदूक धरायला अडचण नाही. तेव्हापासून एर्मेक सफरचंद दाढांनी खात होता आणि फोटोत ओठ मिटून घेत होता.

नारीन शहरातल्या उम्सुनाय डॉक्टरांनी बेगिमायचं तोंड बघून सांगितलं होतं, नुसते दात वाकडे असते तर अकरा-बारापर्यंत खुशाल थांबलो असतो. पण हिचा वरचा जबडाच खालच्याच्या आत अडकलाय. त्याला सात ते नऊ हेच वय. पुढे हाड कुणाचं ऐकत नाही. प्लेटच्या मधोमध बारीक स्क्रू होता, त्याला दर रविवारी किल्लीने पाव फेरा द्यायचा. एर्मेक आंघोळ करून, हात कोरडे करून तो पाव फेरा देई. आठवड्यात तेवढं एकच काम तो मन लावून करत असे.

झालं असं, की सकाळी प्लेट काढताना बेगिमायचा हलणारा दुधाचा दात तारेत अडकून बाहेर आला. पडलेला दात मेंढीच्या शेपटीच्या चरबीत गुंडाळायचा, नानच्या तुकड्यात घालून कुत्र्याला द्यायचा आणि नवे दात कुत्र्यासारखे येऊ देत म्हणायचं, हे बुरुल आपाने चार मुलं आणि अकरा नातवंडांसाठी केलं होतं. हा दात काही तारेतून सुटेना. आपाने सगळंच चरबीत गुंडाळलं.

"आपा, दात तेवढा काढून घ्यायचा होतास."

"तोंडातून आलं ते सगळं दातच. त्यातलं पोरीचं किती आणि डॉक्टरणीचं किती, मला काय ठाऊक?"

"चावलं का त्याने?"

"चावतोय कशाला? एवढी चरबी त्याने जन्मात बघितली नव्हती."

दोन दिवस एर्मेक फावडं घेऊन अक्तोशच्या मागे फिरला. शेजाऱ्याने कुंपणावरून विचारलं, काय हरवलं? एर्मेक म्हणाला, मुलीचा जबडा. शेजाऱ्याने जरा विचार केला आणि स्वतःचं फावडं घेऊन आला. तिसऱ्या दिवशी प्लेट मिळाली, दोन तुकड्यांत. कुत्रा ठणठणीत होता. एर्मेकने तुकडे तीनदा उकळून, चिकटवून बेगिमायसमोर धरले. तिने बघितलं आणि ती शाळेत गेली.

नारीनच्या गाडीत एर्मेक आणि बेगिमायबरोबर आपाही न बोलावता येऊन बसली. एर्मेक रस्ताभर मनातल्या मनात म्हणत होता, हरवली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने तोंड उघडलं, पण आपाने आधीच सांगून टाकलं.

"कुत्र्याला घातली. मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्याही मूळच्या याच भागातल्या.

"चरबी लावून?"

"मग काय, कोरडी?"

डॉक्टर म्हणाल्या, पंधरा दिवसांनी मी कायमची बिश्केकला चाललेय, नवीन काम घेणं बंद केलंय. इथे दुसरं कुणी येईल तेव्हा दाखवा, तोवर थांबा.

आपा उठली. तिने एर्मेकची हनुवटी धरून त्याचा चेहरा दिव्याकडे वळवला आणि अंगठ्याने खालचा ओठ ओढला.

"मी थांबले होते. हा बघ."

डॉक्टरांनी सवयीने बॅटरी लावली. मदतनीस बाई वाकली. बेगिमायही वाकली. बापाचे दात तिने इतक्या जवळून कधी बघितले नव्हते.

"वय?"

"चौतीस," आपा म्हणाली.

डॉक्टरांनी बॅटरी विझवली आणि बेगिमायला खुर्चीत बसायला सांगितलं. मग त्या वाटीत माप घ्यायचा गुलाबी लगदा कालवू लागल्या. नवी प्लेट जायच्या आधी देते, म्हणाल्या, पण दर दोन महिन्यांनी हिला बिश्केकला आणावं लागेल. सहा तासांचा रस्ता आहे, जमेल का?

एर्मेकने मान हलवली. बेगिमायने दात लगद्यात रुतवले आणि ती बोटांवर साठपर्यंत मोजू लागली. आपा स्टुलावर बसली. एर्मेक तिथेच उभा होता, तोंड उघडं ठेवून. मिटायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.