करपलेली फुलं

त्या हिवाळ्यात वाळवंटात दोनदा पाऊस झाला आणि सुनिल्दाच्या डोक्यात पुन्हा तोच किडा वळवळू लागला. बाकीचे लोक छपराची भोकं बुजवत होते, ही बाई चमचा घेऊन जमीन उकरत बसली होती. फुलझाडाच्या मातीतल्या कांद्याला कळतं कसं, की आता उठायचं? इतकी कोरडी वर्षं तो खाली करतो तरी काय? सत्तरी आली होती, पण एकदा का प्रश्न पडला की दूध, चीज, चूल सगळं खोळंबायचं. शेळ्या दाराशी येऊन बोंब मारायच्या तेव्हा कुठे ती उठायची.

सप्टेंबरपर्यंत, म्हणजे इथला वसंत येईपर्यंत, सगळं पठार पिवळं झालं. वुआस्को नदीच्या या बाजूला आन्यान्युकाचं फूल येतं ते पिवळंच. कांद्यातून लांब देठ वर येतो आणि टोकाला घंटेसारखी फुलं लोंबतात. फुलांमागून माश्या आल्या, काळे भुंगे आले, त्यांना खायला सरडे आले आणि सरड्यांच्या वासानं कोल्हा. ही सगळी मंडळी आजवर कुठे दडून बसली होती, हे कोल्ह्यालाच विचारावं असं सुनिल्दाला वाटायचं.

पण ती शोधत होती ते फूल लाल होतं.

तिची आई इथली नव्हती. दक्षिणेला, मोन्ते पात्रियाच्या खोऱ्यात हेच फूल लाल येतं, आई तिथली. लग्न करून खेचरावर बसून ती इकडे आली तेव्हा रुमालाच्या गाठीत त्या लाल फुलांचे कांदे बांधून आणले होते. आली ती सेनिसास नावाच्या वस्तीत. तांबं वितळवायची एक भट्टी आणि तिच्याभोवती मूठभर झोपड्या, एवढीच ती वस्ती. भट्टीनं आधी जवळची झुडपं खाल्ली, मग लांबची. जळण संपलं तशी भट्टी विझली आणि माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. मागे राहिलेली दारं, खुंट्या आणि शेवटी कबरींवरचे लाकडी क्रूससुद्धा येणाऱ्याजाणाऱ्या खेचरवाल्यांनी चहासाठी जाळले. त्यांना तरी काय बोलायचं, थंडीनं कुडकुडणारा माणूस लाकडाचा आकार बघत बसत नाही. पुढे एका साली डोंगरातून चिखलाचा लोंढा आला आणि मातीच्या भिंतीही घेऊन गेला. उरली ती एक खोल घळ आणि तिच्या दोन्ही बाजूंना सपाट जमीन.

त्या जमिनीत कुठेतरी आई होती. पण कुठे? इथेच घोडं पेंड खात होतं.

आई गेली तेव्हा सुनिल्दा चार वर्षांची होती आणि तिचा भाऊ नोल्बेर्तो दहाचा. सुनिल्दा म्हणायची, आई घळीच्या अलीकडे आहे; आमच्या दारातून कबर दिसायची, मधे काही ओलांडावं लागत नव्हतं. नोल्बेर्तो म्हणायचा, पलीकडे, भट्टीच्या बाजूला; मेणबत्ती माझ्या हातात होती, मला विचार. दोघंही असे हटवादी, की दरवर्षी आईच्या वर्षदिनाला एकाच गाडीतून जायचे आणि घळीपाशी फुटायचे. तो पलीकडे, ही अलीकडे. दोघांचे पत्र्याचे डबे कापून केलेले हार वेगळे, मेणबत्त्या वेगळ्या, प्रार्थनाही वेगळ्या. तिकडे पाय ठेवला म्हणजे आपण हरलो, असं सुनिल्दानं ठरवून टाकलं होतं. ती आजवर एकदाही घळ उतरली नव्हती.

तिच्याकडे आणखी एक आठवण होती. वडील गुडघ्यांवर बसून आईजवळ कांदे पुरतायत.

"कबरीवर कांदे?" नोल्बेर्तो खो खो हसायचा. "रस्सा करायचा होता का त्यांना? स्वप्न पडलं असेल तुला. त्या माणसानं आईला जिवंतपणी एक ताजं फूल दिलं नाही, तो मेल्यावर कांदे देतोय!"

बापाचा विषय निघाला की त्याचं हसणं असं मधेच आंबट व्हायचं. परतीच्या रस्त्यावरच्या दफनभूमीत बापाच्या कबरीवर क्रूस शाबूत होता, नाव शाबूत होतं, पण नोल्बेर्तो तिथे कधी फिरकला नाही.

पावसाच्या वर्षी सुनिल्दा आपल्या बाजूची जमीन डोळ्यांत तेल घालून बघायची. लाल काही दिसलं नाही की घळीच्या काठावरून ओरडायची, "तुझ्याकडे लाल आहेत का रे?"

"नाहीत!" पलीकडून उत्तर यायचं. "पिवळीच आहेत सगळी. मधेच थोडी करपलेली!"

"करपणारच! तू जाऊन बसलास ना तिथे!"

यंदा मात्र तिला थट्टा सुचत नव्हती. नोल्बेर्तोच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि राष्ट्रीय सण उरकला की त्याची मुलगी त्याला लांब उत्तरेला, आन्तोफागास्ता शहरात घेऊन जाणार होती, कायमचा. सुनिल्दाला आईचा चेहरा आठवत नव्हता. फोटो नव्हता. जिथे बसून चार गोष्टी सांगाव्यात अशी एक खात्रीची जागा तिला हवी होती. भाऊ गेला की भांडायलाही कुणी उरणार नाही आणि मग आई या पठारावर कुठेच नसेल, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता.

वर्षदिनाच्या सकाळी दाट धुकं होतं. टेबलाशी तिघं बसली होती. तिसरी अनाईस, सान्तियागोहून फुलांची गणती करायला आलेली विद्यार्थिनी. मागची खोली भाड्यानं घेऊन राहिली होती. सुनिल्दाचं आणि तिचं मेतकूट जमलं होतं, कारण दोघींनाही प्रश्न विचारायची खोड होती. समोर राखेत भाजलेली जाड भाकरी होती, शेळीचं चीज, ऑलिव्ह आणि टोमॅटोची टोपली.

नोल्बेर्तोनं टोपलीत हात घातला, एक टोमॅटो काढला आणि कचकन चावला.

"डोन नोल्बेर्तो," अनाईस अदबीनं म्हणाली, "तो कच्चा आहे."

"कच्चा कुठला? चांगला पिकलाय," तो तोंड वाकडं करत म्हणाला. "जरा आंबट आहे, एवढंच."

"तो तसाच आहे गं," सुनिल्दा म्हणाली. "पडलो तरी नाक वर. एकदा याला माझ्या दारासाठी तपकिरी रंग आणायला पाठवलं, तर हा लालभडक घेऊन आला. वर म्हणतो, हाच तपकिरी!"

"दुकानदारानं फसवलं मला!"

अनाईस हसली नाही. "माझे बाबाही असेच आहेत. टोमॅटो दाबून बघतात, रंगावरून त्यांना कळतच नाही. काही पुरुषांना जन्मापासून लाल दिसत नाही, डोन्या सुनिल्दा. त्यांचं त्यांनाही वर्षानुवर्षं कळत नाही."

"म्हणजे? लाल दिसत नाही तर मग काय दिसतं? भोक?" सुनिल्दाचे डोळे चमकले. असा प्रश्न तिला कित्येक दिवसांत मिळाला नव्हता.

"भोक नाही हो. काळपट, मळकट काहीतरी. आईला त्यांनी एकदा गुलाब आणले, तर तिलाच विचारत होते, वाळके तर नाहीत ना दिले त्यानं?"

सुनिल्दाच्या हातातली सुरी चीजवरच थांबली. तिनं भावाकडे पाहिलं. तो कच्चा टोमॅटो नेटानं संपवत होता.

"ऊठ," ती म्हणाली.

"अगं, चहा तरी..."

"ऊठ म्हणते ना! चहा कुठे पळून जात नाही."

अनाईसनं गाडी चालवली. घळीपाशी पोचेपर्यंत धुकं विरत आलं होतं. नोल्बेर्तो सवयीनं आपला हार घेऊन पलीकडे निघाला, काठी टेकत, उतारावर एकेक पाऊल चाचपत. आणि त्याच्या मागे सुनिल्दाही घळीत उतरली.

तो वळला. "तू कुठे निघालीस?"

"तुझ्याकडे."

"आजारी आहेस का?"

"पुढे बघून चाल, नाहीतर दोघंही पडू."

घळीच्या मध्यावर अनाईसनं कडेची माती बोटानं खरवडून पाहिली. वरपासून खालपर्यंत नुसते गोटे आणि गाळ. "ही घळ फार जुनी नाही," ती म्हणाली. "लोंढ्यानं हा रस्ता नंतर कापलाय. आधी दोन्हीकडची जमीन एकच असणार."

म्हणजे दारातून कबर दिसायची ते खरं होतं, आणि मधे काही ओलांडावं लागत नव्हतं हेही खरं. सुनिल्दा समोरचा चढ चढू लागली. तिला दम लागला होता.

वर पोचल्यावर नोल्बेर्तो त्याच्या नेहमीच्या धोंड्याकडे गेला. धोंड्याभोवती त्याचे जुने पत्र्याचे हार गंजून पडले होते, वर्षावर्षांचे, एकावर एक. त्यानं नवा हार त्यांच्यावर ठेवला. चकचकीत होता. पाकळ्यांच्या कडा त्यानं घासून घासून उजळल्या होत्या. मग काठीनं पलीकडे दाखवत म्हणाला, "ती बघ तुझी करपलेली. दर वेळी याच ठिकाणी असतात."

धोंड्यापासून हाताच्या अंतरावर, पिवळ्या फुलांच्या गर्दीत, माणूस आडवा मावेल एवढ्या जागेभोवती फुलांची चौकट उभी होती. लाल. ऊन नुकतंच पडलं होतं आणि ती अशी लाल होती, की बघवेना.

सुनिल्दा फुलांपाशी खाली बसली. इतकी वर्षं ती घळीच्या त्या काठावरून लाल फुलांबद्दल ओरडून विचारत होती आणि इतकी वर्षं तो त्यांच्या शेजारी बसून नाही म्हणत होता. तिला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. तिनं ते आवरलंही नाही.

"इथे लाल उगवत नाहीत," अनाईस हळूच म्हणाली. "आपोआप तर नाहीच. कुणीतरी लावलीत ही."

"काय झालं? काय लावलंय?" नोल्बेर्तो गोंधळून दोघींकडे बघत होता.

"करपलेली नाहीत रे ती." सुनिल्दानं त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. "लाल आहेत. आईची आहेत."

त्यानं वाकून एका फुलाला बोट लावलं. मग काठीची मूठ चोळत म्हणाला, "लाल म्हणजे अशी असतात?"

"आईच्या खोऱ्यातली अशीच. तिनंच आणली होती ना रुमालातून."

"आई केसांत माळायची." त्याचा आवाज एकदम लहान झाला. "बाबा भट्टीवरून आले की झोपडीमागून फूल तोडून आणायचे आणि तिला द्यायचे. मी बघायचो. दर वेळी करपलेलं. मला वाटायचं, या माणसाला आपल्या बायकोसाठी एक ताजं फूल मिळत नाही? आणि ती वेडी ते केसांत खोवून हसायची."

सुनिल्दानं त्याचा हात सोडला नाही.

"ताजीच होती की काय गं ती?" त्यानं विचारलं.

"ताजीच होती."

त्यानं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. मग आपला हार धोंड्यावरून उचलला, लाल फुलांकडे नेला, पण तिथे ठेवला नाही. उलटसुलट करून पाहिला आणि परत हातातच धरला.

"परत जाताना," तो म्हणाला, "बाबांकडे गाडी थांबवा."