गरिबांच्या यादीबाहेर

विक्रमने भिंतीवर मोठा कागद चिकटवला, त्यावर ‘आत्मनिर्भरतेकडे वाटचाल’ असं लिहिलं आणि सतरंजीवर बसलेल्या भाजीवाल्या बायांना रंगीत कार्डं वाटली.

“संस्था गेल्यावर आपण पाळणाघर कसं चालवणार, याच्या कल्पना यावर लिहायच्या,” तो म्हणाला. “लिहिता येत नसेल तर चित्र काढलं तरी चालेल.”

दाराशी उभ्या असलेल्या उम्मेहानीचं डोकं भणभणायला लागलं. हे पाळणाघर तिनेच सुरू केलं होतं, आणि तेव्हा कुणी चित्र काढलं नव्हतं.

मंडईच्या मागच्या गल्लीत तिच्या नवऱ्याचं, कासिमचं, तराजू-काटे दुरुस्तीचं दुकान. वरची खोली रिकामीच असायची. धायरीहून पहाटे पालेभाजी घेऊन येणाऱ्या शकूची पोर एकदा रांगत रस्त्यावर गेली, आणि टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. उम्मेहानीने ती पोर उचलून वर नेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींची मुलं आली. बघता बघता खोली भरली.

फुकट काही नव्हतं. प्रत्येक बाई आठवड्याला थोडे पैसे द्यायची, उरलेली भाजी द्यायची, आणि ठरल्या पाळीने एक दिवस धंदा सोडून मुलं सांभाळायची, खिचडी टाकायची. भांडणं तर रोजचीच. पण जागा आपली वाटायची म्हणून भांडायच्या.

मग परदेशातली ती संस्था आली. तिच्या पुण्यातल्या ऑफिसचा माणूस विक्रम. वारज्याचा, शेताच्या जागी इमारती उभ्या राहिलेल्या घरातला, शिकलेला आणि मनाने साफ. त्याने मुलांना खेळवलं, उम्मेहानीच्या हातचा चहा प्यायला, आणि एकेक बदल सुचवत गेला. गरिबांकडून फी घेणं संस्थेच्या धोरणात बसत नव्हतं, म्हणून फी बंद. बायांनी स्वयंपाक करणं स्वच्छतेच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून पाळ्या बंद. खोली लहान पडते म्हणून दोन गल्ल्या पलीकडे हा हॉल भाड्याने घेतला. उम्मेहानीला पगार सुरू झाला.

खोटं कशाला बोला, पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. डॉक्टर यायचा, मुलं बाळसं धरायला लागली. उत्तरेश्वर नावाच्या मुलाला ऐकूच येत नाही हे त्या डॉक्टरने ओळखलं, आणि संस्थेने त्याला यंत्र दिलं. आणि आता, तिसरं वर्ष सरताना, ही कार्डं.

शकूने हातातलं गुलाबी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “पर तुमी का चाललाय, ते तर सांगा.”

विक्रम अवघडला. “हेड ऑफिसचा निर्णय आहे, मावशी. भारत आता त्यांच्या गरीब देशांच्या यादीत बसत नाही. तो निधी आता जास्त गरीब देशांत जाणार.”

“आमी श्रीमंत झालो व्हय? कवा? निरोप तरी धाडायचा!”

बाया हसल्या. विक्रमही हसला, आणि ते पाहून उम्मेहानीचा तोल सुटला.

“विक्रमसाहेब, त्या देशांत तुमची संस्था किती वर्षं राहणार?”

“टप्पा तीन वर्षांचाच असतो, भाभी.”

“म्हणजे तीन वर्षांत तेही श्रीमंत होणार. छान.” ती पुढे आली आणि तिने भिंतीवरचा कागद ओढून काढला. “आत्मनिर्भर व्हायला यांना शिकवताय? तुम्ही आलात तेव्हा या कुणाच्या पैशावर चालत होत्या? फी कुणी बंद करायला लावली? स्वयंपाकघरात बाहेरच्या बायका नकोत म्हणालात. बाहेरच्या! लेकरांच्या आया बाहेरच्या, आणि दूरदेशी बसून धोरण ठरवणारे घरचे!”

“पण मुलांचं भलं झालंच ना?” विक्रमचा चेहरा लाल झाला होता. “उत्तरेश्वर ऐकतोय आज.”

“ऐकतोय. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्याच्या यंत्राचे सेल संपले की पुढचे कोण देणार? त्याच्या आईने चित्र काढायचं का सेलचं?”

विक्रम उरलेली कार्डं गोळा करायला लागला. तेवढ्यात शकू उठली.

“भाभी, तुमी बी लई वरडू नका. बंद करा त्यांनी म्हनलं, पर बंद केलं कुनी? आमाला इचारलं का? मी पाळीला आले तर तुमीच दारातनं माघारी धाडलं. पगार बी घेतलाच की.”

शकूने कार्ड सतरंजीवर टाकलं आणि निघून गेली. एकेक करत बाकीच्याही उठल्या. उम्मेहानीला चीड आली ती शकूची, आणि शकू खरं बोलली म्हणून जास्तच आली.

महिनाअखेरीस संस्थेच्या लहान खुर्च्या टेम्पोत भरून गेल्या. हॉलचं भाडं कुणालाच झेपणारं नव्हतं. कासिमच्या दुकानावरची खोली एव्हाना प्लास्टिकच्या बादल्या विकणाऱ्याकडे गेली होती, आणि तो हलायला तयार नव्हता. उम्मेहानीने आपल्या घरातली बाहेरची खोली मोकळी केली. मुलं आली ती मोजकीच. काही आयांनी लेकरं गावी धाडली. काहींना वाटत होतं, फुकटवाली दुसरी संस्था येईलच, मग आत्ता पैसे कशाला द्या?

बऱ्याच दिवसांनी शकू आली. धाकट्या पोराला खाली उतरवून म्हणाली, “सोमवारची पाळी माजी. पर आता काय बी ठरवायचं ते समद्यांना इचारून. तुमी एकटीनं न्हाई.”

“बरं,” उम्मेहानी म्हणाली. तिने पोराला कडेवर घेतलं.

पुढे एकदा शकूच्या पाळीच्या दिवशी फोन आला. कुठल्याशा कंपनीचा अधिकारी होता, अगदी गोड आवाजाचा. मंडई भागातल्या मुलांसाठी काही भरीव करावं असं त्यांच्या मनात होतं. उम्मेहानीने फोन स्पीकरवर टाकला.

शकू भात ढवळत होती. “त्यास्नी इचारा,” ती म्हणाली, “जानार कवा?”

“साहेब, आमच्या बाया विचारतात, तुम्ही जाणार कधी?”

“मॅडम, अजून आम्ही आलोही नाही!”

“म्हणूनच आत्ता विचारतोय. किती वर्षं राहणार, आणि गेल्यावर आमच्या हातात काय उरणार, ते सांगा. फी आम्ही घेणार, स्वयंपाक आयाच करणार. त्यात बसत असेल तर या.”

तो म्हणाला, वरिष्ठांशी बोलून कळवतो.

त्याने कळवलं नाही. शकूला त्याचं काही वाटलं नाही. उम्मेहानी मात्र दिवसभर धुसफुसत राहिली. खोलीत पंखा नव्हता, दोन मुलं तापाने फणफणली होती, आणि डॉक्टर आता येत नव्हता. त्या माणसाने जाण्याची एखादी तारीख तरी सांगायची होती, म्हणजे ‘या’ म्हणता आलं असतं, असं तिला राहून राहून वाटत होतं. खोटी का असेना.