खंडेनवमीला उघडलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीला मामंजींनी मागाबरोबर कॉम्प्युटरही पुजला. झाकण काढलं, सुताची धूळ झाडली, आतल्या दोन्ही डिस्क सोडवून पुसल्या, हळदकुंकू लावून परत बसवल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केला, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन तो थांबला.

एका डिस्कवर कॉम्प्युटरची सिस्टिम, दुसरीवर साड्यांच्या काठांची डिझाइन्स. त्यातले सासूबाईंचे, राजाबाईंचे, काठ आणखी कुठेच नव्हते. ते ज्यांवर काढले होते ते ग्राफचे कागद वाळवीनं खाल्ले, आणि सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली.

माझी लेक तेजस्वी झोळीत झोपली होती. ती उठेपर्यंतचा तास माझा. मामंजी शेजारी स्टुलावर.

"कुंकू आत गेलं असंल काय गं, रूपाली?"

"न्हाय मामंजी. डिस्क दिसतीया."

"दिसतीया तर उघडंना का?"

डिझाइनची डिस्क जोडता येत नाही, फाइल सिस्टिमचा प्रकार जुळत नाही, असं पडदा सांगत होता. मी डिस्कची यादी काढली. पहिलीची दुसरी झाली होती, दुसरीची पहिली. बसवताना वायरींची अदलाबदल झालेली.

कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची, हे एका फाइलीत लिहिलेलं असतं. ती मी उघडली. सिस्टिमच्या डिस्कपुढे तिचा स्वतःचा लांबलचक ओळखक्रमांक होता, म्हणून ती सापडली. डिझाइनच्या डिस्कपुढे नुसतं 'दुसरी', आणि आता दुसरी म्हणजे सिस्टिमचीच डिस्क. लग्न होऊन आले त्या वर्षी मीच लिहिलेलं. क्रमांक टाइप करायचा कंटाळा केला होता.

"म्हंजे माझ्या हातनं बिघडलं."

"तुम्ही वायर बदललासा. बिघडवलं मी."

"सासऱ्याला सांभाळून घिऊ नगो."

"न्हाय ओ. ही बघा, मीच घातल्याली तारीख."

त्यांनी चष्मा वर करून तारीख वाचली.

मी 'दुसरी' खोडून डिस्कचा क्रमांक घातला, एकेक अक्षर दोनदा तपासून. झोळी हलली. मामंजींनी पडद्यावरची नजर न काढता पायानंच दोरी ओढली. कॉम्प्युटर परत सुरू केला. या वेळी तो थांबला नाही.

सासूबाईंचं फोल्डर उघडलं. मामंजींनी सगळ्यात जुना काठ दाखवायला सांगितला. बोटानं पडद्यावरच्या ग्राफची घरं मोजत ते तिसऱ्या मोराच्या मानेपाशी थांबले. तिथं एक घर जास्त भरलेलं होतं.

"तिची चूक हाय तशीच हाय," ते म्हणाले.

"दुरुस्त करू?"

"नगो."

मग ते उठले आणि माग सुरू करायला गेले.