मधली भिंत

दगडी घरांची ती जुनी रांग एकाच छपराखाली होती, तरी येणारेजाणारे फोटो काढायचे ते म्युरियलच्या दारावरच्या गुलाबाचेच. शेजारच्या डोरीनचा नुसता जळफळाट व्हायचा.

“दिवसभर लाकडं जाळतेस बाई! माझं घर बघ, शेकोटी न पेटवताच कसं उबदार,” ती टोमणा मारायची.

“असेल हो,” म्हणून म्युरियल हसायची.

शरदात म्युरियल कायमची मुलीकडे राहायला गेली. डोरीनने लगेच स्वतःच्या दाराशी गुलाब लावला. थंडी पडली तशी सवयीने ती मधल्या भिंतीला पाठ टेकून बसली आणि ताडकन उठली. दगड बर्फासारखा गार पडला होता. त्याच भिंतीपलीकडे म्युरियलची शेकोटी होती.

“म्हणजे ऊबसुद्धा त्या सटवीचीच!” ती किंचाळली.