पुरुषांचा समुद्र, बायकांचा समुद्र

मी भिंत बोलतेय. हो, तीच! जिच्यासमोर उभं राहून तुम्ही आत्ता फोटो काढलात आणि "या जमान्यात अजून बायका वेगळ्या, पुरुष वेगळे!" म्हणून फिदीफिदी हसलात. हसा. दोन दिवसांचे पाहुणे तुम्ही, समुद्र बघायला आलात. पण आज मी गप्प बसायची नाही.

सान्ता तेक्लाच्या या किनाऱ्यावर मला सम्राटाच्या माणसांनी बांधलं. तेव्हा व्हिएन्नाहून आगगाड्या भरभरून उमराव हवापालटाला यायचे. त्यांच्या बायकांचे ओले पाय परक्या पुरुषांना दिसू नयेत, एवढ्यासाठी माझा जन्म. आधी मी लाकडी कुंपण होते. एका हिवाळ्यात बोरा नावाच्या इथल्या वादळी वाऱ्यानं मला उचलून समुद्रात फेकलं, मग मला दगडाची केली. गोट्यांवरून थेट पाण्यात, कमरेइतक्या खोलीपर्यंत. सम्राट गेला, झेंडे बदलले, जो नवा साहेब येई तो मला पाडायची भाषा करी. ते सगळे गेले. मी उभी आहे.

मला बांधलं बायकांना कोंडायला, खोटं कशाला बोलू? पण बायका काय चीज असतात ते बांधणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या या अंगाला त्यांनी आपलं राज्य थाटलं. इथे कुणी पोट आत ओढून चालत नाही. म्हाताऱ्या बाया वरचं कापड काढून उन्हात पाठ शेकतात, कलिंगड खातात, सुनांची उणीदुणी काढतात. पलीकडे पुरुष पत्ते कुटतात आणि इकडे एवढं खिदळायला काय झालं म्हणून कान टवकारतात. दुपार झाली की मी पाण्यात जिथे संपते तिथे बायको अंगावर कापड टाकून डबा घेऊन येते आणि नवरा पलीकडून हात पुढे करतो. भांडणं तिथेच, समेटही तिथेच.

नीवेस आणि उचो हे असंच एक म्हातारं जोडपं. पूर्वी रविवारी ते दोघं लांबच्या खडकांवर पोहायला जायचे. मग आजारात नीवेसचं एक स्तन काढावं लागलं आणि ते रविवार संपले. घरीसुद्धा ती दार लावून कपडे बदलते. फक्त इथे, माझ्या आड, बायकांमध्ये ती मोकळ्या अंगानं पाण्यात उतरते. उचोला वाटे, माझी बायको या भिंतीनंच पळवली.

आणि हा उचो नगरपालिकेत सभासद! या उन्हाळ्यात एका नव्या हॉटेलवाल्यानं ठराव आणवला: पाहुणे हसतात, भिंत पाडा, किनारा एक करा. मतं समसमान पडणार, हे सभेआधीच कळलं होतं; ठरायचा राहिला एकटा उचो. उचोचा हात वर गेला की माझा निकाल.

सभेच्या आदल्या दिवशी नीवेस डबा घेऊन आली. कांद्यात आणि सिरक्यात मुरवलेली तारली मासळी होती, उचोच्या आवडीची.

"उद्या ही बया जाते बघ," मला थोपटत उचो म्हणाला. "मग तू आणि मी, एकाच पाण्यात."

"मग मी पाण्यात उतरायचीच नाही. घरी बसेन."

"का? मी काय वाघ आहे?"

"सांगून ठेवलं."

"अगं, नवरा आहे मी तुझा! त्या ओंदीनाला दिसतं ते मला का नाही?"

ओंदीना म्हणजे नीवेसची मैत्रीण, जिभेला हाड नाही. ती इकडून ओरडली, "मी टक लावून बघत नाही म्हणून, मेल्या!"

नीवेसचा आवाज चढला. "तू बघशील आणि तुझा चेहरा पडेल. बिचारी म्हणशील. घरात, दवाखान्यात, रस्त्यात, सगळीकडे मी बिचारीच आहे रे! एवढ्या एका जागेत नाही. तीही दे पाहुण्यांना!"

डबा त्याच्या हातात आदळून ती माघारी वळली. पलीकडचे पत्ते थांबले होते. उचो डबा तसाच धरून पाण्यात उभा राहिला. माझा वैरी तो, पण मला त्याची दया आली.

सभेची हकीकत ओंदीनानं सांगितली, तीही अशा आवाजात की दोन्हीकडे ऐकू जावी. उचोनं मला ठेवायच्या बाजूनं हात वर केला. हॉटेलवाला म्हणाला, "बायकोला घाबरलास होय?" उचो म्हणाला, "घाबरलो. ती घरी बसेल, याला घाबरलो." इकडे टाळ्या पडल्या. पलीकडे उचो तोंडावर टोपी ठेवून झोपेचं सोंग घेऊन पडला होता.

दुपारी नीवेस डब्याशिवाय निघाली. अंगावर वरचं कापडही नव्हतं. पाण्यातून माझ्या टोकाशी आली, माझ्यावर हात टेकला.

"उचो, ये इकडे," तिनं हाक मारली. आणि मला वळसा घालून पलीकडे गेली.

तो धावत आला. त्यानं बघितलं. बाकीच्या पुरुषांनी कुणी न सांगता पाठ फिरवली.

"झालं बघून?"

"झालं," तो म्हणाला. "आता खांद्यापर्यंत पाण्यात बस. वारा गार आहे. सर्दी झाली तर रात्रभर तूच मला झोपू द्यायची नाहीस."

ती हसली आणि पोहायला लागली. तो तिच्या मागे.

ऐकलंत, पाहुण्यांनो? मला पाडून तुम्ही तिला बाहेर काढणार होतात. मी उभी होते म्हणून ती स्वतःच्या पायांनी आली. हॉटेलवाला हट्टी आहे, पुढच्या वर्षी पुन्हा ठराव आणेल. आणू द्या! माझ्या आडच्या बायका ज्या दिवशी "आता पुरे" म्हणतील, त्या दिवशी मी आपणहून जाईन. तोवर माझा एक दगड हलवून दाखवा.