पुदिन्याच्या वासाची पेस्ट

दुकानात त्याला सगळे थंडोबा म्हणायचे. एक तर त्याने जन्मात कधी घाई केली नाही, आणि दुसरं म्हणजे कसलाही तापट लॅपटॉप त्याच्या हाताखालून गेला की गार होऊन निघायचा. त्याच थंडोबाला आता सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नव्हतं. आजार मेंदूचा होता, मागे फिरणारा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "हातांना सवयीचं काम देत राहा. जितके दिवस निघतील तितके."

म्हणून बायकोने एक कायमचा बंद पडलेला लॅपटॉप खिडकीपाशी मांडून दिला. तो उघडायचा, प्रोसेसर गार राहावा म्हणून लावलेली जुनी पेस्ट स्पिरिटने पुसायचा, सिरिंजमधून मुगाच्या दाण्याएवढी नवी ठेवायचा, वर उष्णता ओढून घेणारी तांब्याची पट्टी बसवायचा आणि चार स्क्रू तिरके समोरासमोर आवळत जायचा, पेस्ट सगळीकडे सारखी दबावी म्हणून. चहा होईपर्यंत विसरायचा आणि पुन्हा उघडायचा. पेस्ट काही पुरेना. शेवटी तिने रिकाम्या सिरिंजमध्ये टूथपेस्ट भरली. त्याला काय कळतंय!

कळलं. सिरिंज नाकाशी नेऊन तो म्हणाला, "अगं, प्रोसेसरचे काय दात घासायचेत?"

ती हसत सुटली, डोळे पुसावे लागले इतकी. मग दर रविवारी ती मुद्दाम सिरिंज बदलून ठेवू लागली. तो दरवेळी पकडायचा, विनोदही तोच करायचा, आणि तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. बहिणीला फोनवर सांगायची, "माझा माणूस अजून शाबूत आहे गं."

या रविवारी त्याने जुनी पेस्ट पुसली. सिरिंज उचलली. पांढरा ठिपका प्रोसेसरच्या बरोबर मधोमध ठेवला. पुदिन्याचा वास तिला दारापर्यंत आला. तो थांबेल म्हणून ती थांबली. त्याने पट्टी बसवली. पहिला स्क्रू, मग त्याच्या समोरचा.

"अहो, वास बघा ना जरा," ती म्हणाली.

त्याने सिरिंज हुंगली. "चांगला आहे."

उरलेले दोन स्क्रू त्याने आवळले. हात अजून पूर्वीइतकेच हुशार होते, त्याचाच तिला राग आला. राहवेना तेव्हा त्याचं वाक्य तिनेच म्हटलं, "प्रोसेसरचे काय दात घासायचेत?" आणि हसून दाखवलं. निदान तो तरी हसेल.

तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग लॅपटॉप बंद करून, दुकानात गिऱ्हाइकाला द्यायचा तसा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"लॅपटॉपला दात नसतात, बाई," तो समजावत म्हणाला.