उसनी नेलेली माती

मी शेवाळाचा एक जुना कण आहे, मित्रांनो. देवगाव रंगारीजवळच्या तळ्यातला. पाणी असलं की मी हिरवा होतो, वाढतो, माझ्यावर मासे जगतात. पाणी आटलं की अंगाभोवती जाड कवच करून गाळात निजतो. कितीही वर्षं निजलो, तरी पाणी आणि ऊन मिळालं की जाग येते.

त्या तळ्यावर वच्छलाबाई यायची. मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई. पोळ्याआधी ती गाळाची पाटी भरायची आणि मातीला हात लावून म्हणायची, "माय, उसनी नेते गं. पोळा झाला की आणून सोडते." त्या मातीचे ती बैल घडवायची आणि सण झाला की खरंच तळ्यात सोडायची. माझे कितीतरी भाऊबंद असे बैल होऊन मिरवून आले. वच्छलाबाईचा शब्द आम्हाला पावसापेक्षा पक्का वाटायचा.

एका वर्षी माझी पाळी आली. मी बैलाच्या वशिंडात होतो. केवढा मान! हळदकुंकू, पुरणपोळीचा घास! पण त्या साली तळं कोरडं होतं. "पानी आलं की सोडीन," म्हणत तिनं बैल कोनाड्यात ठेवला. मी निर्धास्त निजलो.

पाणी आलं. सांडवा वाहू लागला, सगळा गाव बघायला गेला. वच्छलाबाईही गेली, रिकाम्या हातानं. पुढच्या पोळ्याला सिल्लोडच्या बाजारातून चकचकीत रंगीत बैल आले. माझ्यापुढे आधी तेलाची बाटली आली, मग मोबाईलचा चार्जर.

यंदा घरावर स्लॅब टाकायचा म्हणून कोनाडा रिकामा झाला. सून अपेक्षा हिनं बैल अंगणातल्या बादलीत भिजत टाकला. माती विरघळली, ऊन पडलं आणि माझं कवच फुटलं, मित्रांनो! काही दिवसांत सगळी बादली हिरवीगार झाली.

"आत्याबाई, बघा तरी! तुमच्या बैलानं बादली हिरवी केली!"

"घाण नुसती. वत मोरीत."

"आवो, जित्तं हाय ते. तळ्यात सोडू का? पहिलं तुम्हीच सोडायच्या ना?"

"सोडायची, व्हय. आता ह्या बादलीभर घाणीसाठी कोन जातंय तळ्यावर? लोक हसतील. आन् मला बादली लागायलीय."

ती जवळ आली, वाकून बघितलं. मला वाटलं, ओळखलं हिनं. तिनं बादली उचलली. मी तळ्याची वाट आठवू लागलो. मोरी दोन पावलांवर होती.

आता मी मोरीच्या दगडाला चिकटून आहे. साबणाचं पाणी अंगावरून जातं. अपेक्षा मोरी घासायला बसली की माझ्यापाशी येऊन तिचा हात थांबतो, एवढंच.

मित्रांनो, मला घाण म्हणा, खराट्यानं खरवडा, त्याचा राग नाही. पण मुक्याला शब्द देताना जपा. तुम्ही तो बोलून मोकळे होता. आम्ही तोच उशाला घेऊन निजतो.